वीर्य संपलं म्हणून अँटेकायनस मरत नाही

दहावीतल्या भाच्याने परवा फोन पुढे केला आणि विचारलं, "मामा, हे खरंय का?" वर्गातल्या मुलांच्या गटावर आलेला संदेश होता. ठळक अक्षरं, वर एका लांब नाकाच्या करड्या प्राण्याचा फोटो. हाच मजकूर ज्येष्ठांच्या गटांवरही फिरतोय. साठीतल्या माणसाने वाचला आणि पुढे ढकलला तर फार काही बिघडत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचं मात्र यातून खरं नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

संदेश असा आहे: "ऑस्ट्रेलियाच्या जंगलात अँटेकायनस नावाचा उंदीर असतो. हा सलग १४ तास संभोग करतो आणि सगळं वीर्य संपल्यामुळे तिथेच प्राण सोडतो. शास्त्रज्ञांनी काही नरांना मादीपासून दूर ठेवलं, तर ते ब्रह्मचारी नर तिप्पट जगले. १०० थेंब रक्तातून वीर्याचा १ थेंब बनतो. वीर्यनाश म्हणजे मृत्यू. निसर्ग वासनेला शिक्षा देतो. तरीही हा नर महान, कारण पिलांना अन्न पुरावं म्हणून तो बलिदान देतो आणि मादी त्याचं मांस खाऊन पिलं वाढवते. त्या तीन आठवड्यांत तो झोपतही नाही. आपल्या मुलांपर्यंत हे पोहोचवा."

एकाच संदेशात नराला वासनेची शिक्षाही होते आणि तो पिलांसाठी हुतात्माही होतो. लिहिणाऱ्याने स्वतःचं लिखाण दुसऱ्यांदा वाचलं असतं तरी हे त्याच्या ध्यानात आलं असतं.

"उंदीर असतो." इथूनच चूक सुरू होते. अँटेकायनस हा कांगारूसारखा शिशुधान प्राणी आहे, म्हणजे अर्धवट वाढलेलं पिल्लू जन्माला घालून ते स्तनाग्राशी वाढवणारा. त्याची जवळची भावंडं म्हणजे टास्मानियन डेव्हिल आणि क्वोल हे तिथले मांसभक्षक शिशुधान प्राणी. उंदराशी त्याचं नातं आपल्या माणसांच्या उंदराशी असलेल्या नात्यापेक्षाही लांबचं आहे. तपकिरी अँटेकायनसचा नर साधारण ३० ते ७० ग्रॅमचा, मादी १७ ते ३६ ग्रॅमची. दिवसरात्र पालापाचोळा उकरत, पडलेल्या ओंडक्यांच्या सालीखाली नाक खुपसत ते भुंगे, कोळी, झुरळं, गोम असलं काहीबाही पकडून खातात. झाडावरही सरसर चढतात. तोंड उघडलं की फरक लगेच दिसतो: उंदराला पुढे पटाशीसारख्या दातांची एकच जोडी असते, याच्या वरच्या जबड्यात पुढे चार-चार असे आठ बारीक टोकदार दात असतात. नाक निमुळतं आणि कानाच्या कडेला खाच. मादीच्या पोटाला कांगारूसारखी खोल पिशवीही नसते, कातडीच्या घडीत स्तनाग्रं असतात एवढंच. पिलं त्यांना लोंबकळत वाढतात आणि मादी धावायला लागली की पोटाखाली गुलाबी घोसासारखी हलतात.

हा निव्वळ नावाचा वाद आहे असं समजू नका. मेलबर्नच्या पूर्वेकडच्या डोंगराळ उपनगरांत किंवा सिडनीच्या रानालगतच्या घरांत राहणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. थंडीत हे प्राणी घराच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये घुसतात आणि उंदीर समजून त्यांना विष घातलं जातं किंवा चापात मारलं जातं. त्यांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे. विष ठेवण्याआधी लेंडी पाहा. अँटेकायनसच्या लेंडीत किड्यांच्या पंखांचे आणि पायांचे चकाकणारे तुकडे असतात, ती बोटाने दाबली तर भुगा होते. भोकं बुजवा, पाळीव प्राण्यांचं खाणं रात्री उघडं ठेवू नका. वीण आटोपली की नर आपोआप संपतात आणि बहुतेक वेळा त्रासही संपतो.

आता मरण्याचं. इथे संदेशाला एक गोष्ट मान्य करावी लागते: नर खरोखर मरतात, आणि सगळे मरतात. अँटेकायनसच्या आज ओळखल्या गेलेल्या १५ जाती आहेत आणि सगळ्यांत हेच घडतं. ऑस्ट्रेलियाच्या हिवाळ्यात, जात आणि जागा पाहून साधारण जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान, एक ते तीन आठवड्यांचा विणीचा काळ येतो. दिवसाची लांबी कोणत्या वेगाने वाढते आहे यावरून तो ठरतो, म्हणून एका जागी दरवर्षी तो जवळपास त्याच तारखांना येतो. तो संपता संपता त्या रानातला एकूणएक नर साडेअकरा महिन्यांच्या वयात मेलेला असतो. पहिलं पिल्लू जन्मायच्या आधी. त्यानंतर काही महिने त्या जंगलात या जातीचा एकही प्रौढ नर नसतो, फक्त गाभण माद्या. समागमाचे १४ तास हा आकडाही हवेतला नाही. काही जातींत तो तेवढा लांबतो, पण ती कमाल मर्यादा आहे, रोजची गोष्ट नव्हे. त्यातला बराच वेळ मादीला धरून ठेवण्यात जातो, म्हणजे दुसऱ्या नराला संधी मिळू नये.

पण मरतात कशाने? "वीर्य संपल्यामुळे" हे या संदेशातलं सगळ्यात खोटं आणि सगळ्यात घातक वाक्य आहे. कारण माहीत आहे, आणि ते १९७० नंतरच्या संशोधनातून टप्प्याटप्प्याने उलगडलेलं आहे.

आपल्यासारख्या बऱ्याच सस्तन प्राण्यांत ताण आला की मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. रक्तात एक प्रथिन असतं, ते या कॉर्टिसॉलला बांधून ठेवतं. बांधलेलं कॉर्टिसॉल निरुपद्रवी, मोकळं तेवढं काम करतं. मोकळं कॉर्टिसॉल वाढलं की मेंदूला कळतं आणि तो ग्रंथींना थांबायला सांगतो. आपल्या शरीरातही हाच लगाम आहे. अँटेकायनसच्या नरात विणीच्या काळात दोन गोष्टी एकदम बिघडतात. टेस्टोस्टेरॉन प्रचंड वाढतं आणि त्याच्यामुळे ते बांधणारं प्रथिन कमी होतं. दुसरीकडे भांडणं, पाठलाग, मादीच्या शोधात रात्रंदिवस धावणं यांमुळे कॉर्टिसॉल वाढतच राहतं, आणि मेंदूचा "थांब" हा निरोप ग्रंथींपर्यंत पोहोचून काम करत नाही. मोकळं कॉर्टिसॉल रक्तात साचत जातं.

सुरुवातीला याचा नराला फायदाच होतो. कॉर्टिसॉल स्नायूंतली प्रथिनं मोडून साखर तयार करतं, म्हणून त्याला किडे शोधत बसावं लागत नाही, सगळा वेळ माद्यांच्या मागे देता येतो. तो स्वतःचंच शरीर जाळून चालतो. पुढे त्याच कॉर्टिसॉलने प्रतिकारशक्ती कोसळते. जठरात आणि आतड्यात व्रण पडून रक्तस्राव होतो. एरवी दबून असलेले परजीवी उसळतात, तांबड्या पेशींत बबेसिया पसरतो, यकृतात लिस्टेरिया हा जिवाणू माजतो. रक्त पातळ होतं. शेवटच्या दिवसांत पकडलेले नर पाहिले तर पाठीवरची, शेपटीच्या बुडाची लव गेलेली, अंगावर जखमा, त्या भरत नाहीत, वजन उतरलेलं. काही तर तशाही अवस्थेत मादी शोधत फिरत असतात. मेल्यावर उघडून पाहिलेल्या नरांच्या पोटात रक्त सापडतं. शुक्राणूंच्या कमतरतेने मेलेला नर कुणी दाखवलेला नाही, कारण तसं मरणच नसतं.

आता संदेशवाल्याने नेमकं जे तपासायला हवं होतं ते सांगतो. अँटेकायनसच्या नरात वीण सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच शुक्राणू तयार होणं कायमचं बंद पडतं. वृषणांतली ती यंत्रणा आकसते. जो साठा झाला तो वृषणालगतच्या नळीत राहतो आणि त्यावरच पुढची सगळी वीण भागते. आणि हा साठा गळतो. रोज, लघवीवाटे, मादी असो वा नसो. संशोधक नर वयात आला की नाही हे ओळखायला त्याच्या लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, त्यात शुक्राणू तरंगताना दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या प्राणीशास्त्रज्ञ पॅट्रिशिया वूली यांनी १९६० च्या दशकात प्रयोगशाळेतल्या नरांवर हेच केलं.

म्हणजे ज्या "ब्रह्मचारी" नरांचा संदेशात गौरव आहे, त्यांच्या लघवीतूनही शुक्राणू रोज वाहून जातच होते. तरी ते जगले.

या प्रयोगातली अर्धी गोष्ट खरी आहे, ती नाकारत नाही. हंगामाआधी पकडून एकेकटे पिंजऱ्यात ठेवलेले नर रानातल्या भावंडांबरोबर मरत नाहीत, दुसऱ्या हंगामापर्यंत आणि पुढेही जगू शकतात. पण त्यांना काय काय मिळालं ते पाहा. भांडायला दुसरा नर नाही, पाठलाग नाही, थंडीत रात्रभर भटकणं नाही, आणि रोज आयतं खाणं. ताणाची साखळीच सुरू होत नाही, म्हणून कॉर्टिसॉल त्या टोकाला जात नाही. आणि हे नर पुन्हा कधीच शुक्राणू तयार करू शकत नाहीत, उरलेलं आयुष्य वांझ राहतात. "वीर्य राखलं म्हणून तेज वाढलं" याचा हा पुरावा असेल तर तो फार विचित्र पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट. वृषणं काढून टाकलेल्या नरांमध्ये ही पडझड होतच नाही. टेस्टोस्टेरॉन नाही, म्हणून बांधणारं प्रथिन टिकतं, म्हणून कॉर्टिसॉल आटोक्यात. वीर्य म्हणजेच जीवन असतं तर ज्याच्याकडे ते अजिबात नाही तो सगळ्यात आधी मेला पाहिजे होता. तोच सगळ्यात सुखरूप राहतो.

आता "१०० थेंब रक्तातून १ थेंब". कुठे ४० थेंब म्हणतात, कुठे ८०, आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. संदेशातलाच आकडा धरून हिशेब करू. माणसाचं एका वेळचं वीर्य साधारण ३ मिलिलिटर धरा. १०० पट म्हणजे ३०० मिलिलिटर रक्त. रक्तदानात आपल्याकडे एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात आणि पुरुषाला पुढचं रक्तदान ३ महिन्यांनी करायला सांगतात. म्हणजे या हिशेबाने आठवड्यात दोनदा स्वप्नदोष होणाऱ्या मुलाचं महिन्याला जवळपास अडीच लिटर रक्त जातं. अंगात एकूण पाच लिटर. त्याचं हिमोग्लोबिन महिन्याभरात तळाला जायला हवं आणि त्याला रुग्णालयात रक्त चढवावं लागायला हवं. असं जगात कुठेही होत नाही.

वीर्य रक्तातून "गाळून" बनत नाही. त्यातला दोन-तृतीयांशाहून अधिक द्रव वीर्यकोशांतून येतो, बराचसा उरलेला प्रोस्टेट ग्रंथीतून, शुक्राणूंचा वाटा आकारमानाने अगदी थोडा. एका वेळच्या वीर्यात प्रथिन पाव ग्रॅमही नसतं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. आणि माणसाची वृषणं अँटेकायनससारखी बंद पडत नाहीत. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, पण लाखो एका वेळी तयार होत असतात, रोज कोट्यवधींच्या संख्येने, वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत. बाहेर पडले नाहीत तर शरीरच ते मोडून शोषून घेतं. साठवून ठेवायची सोयच नाही.

या एका वाक्यावर इतकं थांबतोय कारण ते जीवशास्त्राच्या पुस्तकात राहत नाही, मुलाच्या पोटात जाऊन बसतं. "धात जाते" म्हणून खंगत चाललेली मुलं आपल्याकडच्या डॉक्टरांना नवी नाहीत. थकवा, छातीत धडधड, अभ्यासात लक्ष न लागणं, आरशात स्वतःचे गाल बसल्यासारखे दिसणं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये याला "धात सिंड्रोम" असं नाव दिलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही ते आलं. त्रास खरा असतो, कारण मात्र वीर्य जाणं हे नसतं. कारण असते ती भीती, आणि ती भीती असल्याच संदेशांतून, रस्त्याकडेच्या तंबूंवरच्या पाट्यांतून येते. त्यानंतर कुणीतरी चूर्ण विकतं. त्या पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं.

लघवी पांढरट, गढूळ दिसली की मुलं घाबरतात. बहुतेक वेळा ते फॉस्फेटचे क्षार असतात, दूध-डाळ भरपूर झाल्यावर किंवा पाणी कमी प्यायल्यावर दिसतात. पारदर्शक पेल्यात थोडी लघवी घेऊन व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. फॉस्फेट असेल तर गढूळपणा बघता बघता विरतो. विरला नाही, किंवा लघवीला जळजळ आहे, टोकाशी पू येतोय, ताप आहे, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचं, वैदूकडे नाही. स्वप्नदोष या शब्दातच दोष आहे, पण ती घटना दोष नाही. पौगंडावस्थेतल्या शरीराचा तो नेहमीचा भाग आहे. मुलाला हे बापाने किंवा मामाने एकदा सरळ शब्दांत सांगितलं तर पुढची दहा वर्षं वाचतात.

कुणी उलट टोकाला जाऊ नये म्हणून हेही सांगतो. अमेरिकेत ३१,९२५ पुरुषांवर वर्षानुवर्षं चाललेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. ज्यांचं वीर्यस्खलन जास्त वेळा होत होतं त्यांच्यात प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान काहीसं कमी आढळलं. यावरून ते औषध ठरत नाही, एवढंच दिसतं की वीर्य गेल्याने आयुष्य घटतं या समजाला तिथे आधार नाही. ब्रह्मचर्य ज्याला पाळायचं त्याने आपल्या श्रद्धेने जरूर पाळावं. त्याच्यासाठी या प्राण्याला साक्षीला उभं करू नये, इतकंच म्हणणं आहे.

"निसर्ग वासनेला शिक्षा देतो." मग मादीला का नाही? तीही त्याच दोन-तीन आठवड्यांत अनेक नरांशी समागम करते. ती मरत नाही. तिच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बांधणारं प्रथिन टिकून राहतं, म्हणून ती पिलं वाढवते आणि काही माद्या दुसऱ्या वर्षीही वितात. ती शुक्राणू बीजवाहिनीच्या सूक्ष्म खळग्यांत जवळपास दोन आठवडे जिवंत साठवते आणि बीज मोकळं झालं की मग फलन होतं. एकाच वेताची पिलं तीन-चार बापांची निघतात. तपकिरी अँटेकायनसवर रानात झालेल्या एका प्रयोगात एकाच नराशी जोडी लावलेल्या माद्यांपेक्षा अनेक नरांशी समागम झालेल्या माद्यांची पिलं जवळपास तिप्पट प्रमाणात जगली. वासनेच्या हिशेबाने बघायचं तर इथे निसर्गाने मादीला बक्षीस दिलं म्हणावं लागेल. अर्थात बक्षीस आणि शिक्षा हे शब्दच इथे लागू पडत नाहीत.

बलिदानाचं काय? ही कल्पना जुनी आहे आणि एकेकाळी शास्त्रज्ञांनीही ती गंभीरपणे मांडली होती, त्यामुळे संदेशवाल्याला इथे थोडी सूट द्यायला हरकत नाही. नर मेले की किडे उरतात, ते गाभण माद्यांना आणि पिलांना मिळतात, असा तो तर्क. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या डायना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या प्रश्नाची तड लावली. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि दक्षिण अमेरिकेतल्या कीटकभक्षी शिशुधान प्राण्यांच्या ५२ जाती त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. जिथे किड्यांचा बहर वर्षातून एकदाच आणि ठरल्या वेळी येतो, तिथे माद्या पिलांचं दूध सुटण्याचा काळ त्या बहराशी जुळवतात. त्यासाठी सगळ्याजणी एकदम माजावर येतात, म्हणून विणीचा काळ आखडतो. काळ जितका आखूड, तितकी नरांमधली चुरस तीव्र. ही चुरस दात-नख्यांची कमी आणि शुक्राणूंची जास्त असते, कारण मादी अनेकांचे शुक्राणू साठवते आणि ज्याचे जास्त त्याची पिलं जास्त. म्हणून ज्या जातींत नर सगळे मरतात त्यांत अंगाच्या मानाने वृषणं मोठी आणि समागम लांब. जो नर स्वतःला त्या तीन आठवड्यांत पुरता खर्चून टाकतो त्याची पिलं पुढच्या पिढीत जास्त उतरतात. जो राखून राहतो तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत रानात टिकण्याची शक्यता तशीही कमी, आणि त्याची पिलंही कमी. त्याग कुठेच नाही.

साधा विचार केला तरी बलिदान टिकत नाही. एका वेतात चार बाप, नर दूरवर भटकणारे. एका नराच्या मरणाने वाचलेला भुंगा बहुधा दुसऱ्याच नराच्या पिलांच्या तोंडी जाणार. तसं मरणारा नर आणि न मरता आयता लाभ घेणारा नर यांत पुढच्या पिढीत कोण उरेल ते उघड आहे. शिवाय नर मरतात तेव्हा पिलं जन्मलेलीच नसतात. गर्भकाळ जवळपास महिनाभराचा. जन्मलेलं पिल्लू चार-पाच मिलिमीटरचं, तांदळाच्या दाण्याहून लहान. स्तनाग्रं जातीनुसार आणि जागेनुसार सहा ते दहा, आणि पिलं बहुधा त्याहून जास्त जन्मतात. ज्याला स्तनाग्र सापडलं नाही ते काही वेळातच मरतं. पाचएक आठवडे ती चिकटलेली राहतात, मग झाडाच्या ढोलीतल्या घरट्यात, आणि साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी दूध सुटतं, ते भर उन्हाळ्यात, किडे भरपूर असताना. मुलगे आईच्या जागेतून निघून जातात, मुली बऱ्याचदा तिथेच राहतात.

सगळे नर एकदम जाण्याचा खरा धोका आहे तो वेगळाच, आणि त्यावर असा एकही संदेश फिरत नाही. वर्षातले काही महिने अख्खी जात फक्त गाभण आणि लेकुरवाळ्या माद्यांवर उभी असते. त्या काळात वणवा लागला किंवा पाऊस चुकून किडे कमी पडले तर दुसरी फळी नाही. काळ्या शेपटीचा आणि चंदेरी डोक्याचा, हे दोन अँटेकायनस विज्ञानाला माहीत झाले ते २०१३-१४ मध्ये, आणि २०१८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या संकटग्रस्त यादीत गेले. दोन्ही मोजक्या उंच डोंगरमाथ्यांवरच्या जंगलात उरलेत.

बाकीचं झटपट. "मादी त्याचं मांस खाऊन पिलं वाढवते": मादी नराला मारून खाते असा अर्थ काढला जातोय, तो चूक. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यू साऊथ वेल्समधल्या न्यू इंग्लंड राष्ट्रीय उद्यानात एक अँटेकायनस आपल्याच जातीचा मेलेला प्राणी खाताना दिसला आणि त्याचं चित्रण झालं. भर थंडीत वाटेवर आयतं मांस पडलंय, ते कुणीही मांसभक्षक खाईल. त्याने काही फायदा होत असेलही. नराचा मृत्यू त्यासाठी घडतो हे त्यातून निघत नाही.

"तीन आठवडे झोपत नाही": २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विणीच्या काळात नरांची झोप दिवसाला सरासरी तीन तासांनी कमी झालेली आढळली, एका नराची निम्म्यावर आली. हा प्राणी एरवी दिवसाचे पंधराएक तास झोपतो. तीन गेले तरी बारा उरतात.

आणि फोटो. लांब लवचीक सोंडेसारखं नाक, अगदी बारीक डोळे, बुडाशी जाड आणि विरळ केसांची शेपटी. तो अँटेकायनस नव्हेच, आपल्या मोरीच्या कडेने रात्री चिकचिक करत पळणारी चिचुंद्री आहे. अँटेकायनसचे डोळे टपोरे, काळेभोर असतात. चिचुंद्री शिशुधान नाही. भारतात एकही शिशुधान प्राणी रानात राहत नाही. दोघांचं नाक सारखं दिसतं कारण दोघं फटीत नाक घालून किडे खातात. चिचुंद्रीचा नर वीण झाल्यावर मरत नाही, तो पुन्हा पुन्हा समागम करतो.